अठरावं मिनिट

आमचं मशीन पहिल्या दिवशी बरोबर अठराव्या मिनिटाला बंद पडलं. मला हे पक्कं माहीत आहे, कारण माझ्या मनगटावर घड्याळ आहे आणि मला मोजायची खोड आहे. शाळेत सर बोलायला लागले की ते किती वेळा 'म्हणजेच' म्हणतात तेसुद्धा मी मोजते.

त्या आठवड्यात वारा असा सुटला की शाळेचे पत्रे उडून मैदानापलीकडे पडले, आणि बागेच्या कडेची नीलगिरीची रांगच्या रांग कालव्यावर आडवी झाली. चाळीस झाडं. शाळेला आठ दिवस सुट्टी मिळाली. कालव्याला पाणी सुटायला मात्र सहाच दिवस होते. मधे खोडं राहिली असती तर पाणी तुंबून सगळं बागेत शिरलं असतं.

बाबा आणि काका दोघंही लाकूडतोडे. दोघांची झाडं कापायची दोन मशीनं, पण काम कायम एकत्र. एक कापणार, दुसरा ओंडका धरणार, दमले की अदलाबदल. या वेळी काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी, बागेच्या मालकांनी रांगेच्या मधोमध एक काठी रोवली.

"थोरल्याने या टोकाकडून यायचं, धाकट्याने त्या टोकाकडून. काठीपाशी जो आधी पोचेल, बागेची वर्षभराची छाटणी त्याची."

"आम्ही एकत्रच करतो, मालक," बाबा म्हणाले.

"एकत्र केलं की एक कापतो आणि दुसरा विड्या ओढतो. मी काय आज बघतोय तुम्हाला?"

काका हसला. बाबा नाही हसले.

मला मात्र कामाच्या पहिल्या दिवशी कशाचंच काही वाटत नव्हतं, इतकी मी खूश होते. यंदा मिश्रण माझ्याकडे होतं! चेनसॉ नुसत्या पेट्रोलवर चालत नाही. पाच लिटर पेट्रोलला शंभर मिली तेल, मग कॅन घट्ट बंद करून कडेवरच्या बाळासारखा हलवायचा. तेल कमी पडलं तर इंजिन आतून घासून मरतं. हे मला काकानेच शिकवलं. "भिंगरी, तेलाचा थेंब डोळ्याच्या रेषेत धरून बघायचा, वरून नाही," असं सांगत त्याने माझी मान खाली दाबली होती. भिंगरी म्हणजे मी. त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत. सात वर्षांपूर्वी बाबांच्या मशीनची झिजलेली चेन तुटून उडाली आणि समोर ओंडका धरून काका होता. घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही. पण काका जेवायला बसला की बाबा त्याच्या ताटाकडे बघत नाहीत, हे मी कधीचं टिपून ठेवलंय.

या वेळी काकाने आपला वेगळा कॅन भरून आणला होता. "दोन टोकं, दोन कॅन. मधे कोण पळत बसणार?" म्हणाला. मला जरा लागलंच ते, पण म्हटलं, असू दे.

तर अठरावं मिनिट. मशीन खोडात अर्धं शिरलेलं होतं. आवाज एकदा खोल गेला, एकदा खोकला, आणि संपलं. बाबांनी चेनची पट्टी खोडातून ओढून काढली, मशीन जमिनीवर ठेवलं, मागच्या दांड्यात बूट घातला आणि दोरी ओढली. दहा वेळा. वीस वेळा. चोक लावून, चोक काढून. टाकीचं झाकण सैल करून बघितलं, कधीकधी टाकीला श्वास मिळत नाही म्हणून. एअर फिल्टर काढून मांडीवर आपटला. एकतिसाव्या ओढीला त्यांच्या मानेवरची शीर अशी फुगली की मी मोजणं सोडून दिलं.

फांद्या ओढायला आलेल्या बायका थांबून बघत होत्या. त्यांच्यातली दांडगी मावशी म्हणाली, "दादा, तुमच्यापेक्षा आमचा म्हातारा बरा. सकाळी तीन हाकांत तरी उठतो!"

सगळ्या खिदळल्या. मीपण हसले. अजून मला हसू येत होतं.

मशीनचा आवाज थांबला म्हणून काका त्याच्या टोकाकडून चालत आला. भुशाने भुवया पिवळ्या झालेल्या. "दादा, गरम मशीनशी भांडू नये. आधी चहा."

"प्लग बघू दे," बाबा म्हणाले.

"बघू की. पळून जातोय का प्लग? मावशी, चहा ओता."

चहा झाला. काकाने दोन माणसांच्या आजारपणाची चौकशी केली, एका माणसाच्या गाढवपणाचा किस्सा सांगितला, पुन्हा अर्धा कप घेतला. चाळीस मिनिटं. मग पाना घेऊन उठला, प्लग काढला, टोपीत बसवून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि सगळ्यांना दिसेल असा धरून दोरी ओढली. टच्चकन निळी ठिणगी.

"ठिणगी झकास," तो म्हणाला. "फिल्टर झकास. मग राहिलं काय?"

तो कॅनकडे बघायला लागला. मग सगळेच कॅनकडे बघायला लागले. आणि कॅनशेजारी मी उभी होते.

"भिंगरी," किती गोड आवाज होता त्याचा, "तेल मोजून घातलं होतंस ना गं?"

"हो! शंभर. डोळ्याच्या रेषेत धरून."

"बरं बरं. रडू नकोस."

मी रडत नव्हतेच. पण त्याने तसं म्हटल्यावर सगळ्यांना मी रडताना दिसायला लागले.

मशीन चालू झालं. पहिल्या ओढीला. बाबांनी कापायला घेतलं आणि मी घड्याळ धरून बसले. अठरा मिनिटं, की पुन्हा मेलं. काकाने लांबूनच हात उडवला. "तेल कमी असलं की इंजिन तापतं, तापलं की धरतं, गार झालं की सोडतं. साधं आहे, दादा. माझ्या कॅनमधलं घालून बघ हवं तर. पण एकदा आतून घासलं गेलं ना, मग कशानेच उपयोग नाही."

त्याच्या कॅनमधलं घातलं. अठरा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला नवा प्लग आणायला घरी पिटाळलं. जाऊन-येऊन तास लागला. परत आले तर ते ओंडक्यावर बसले होते, मशीन दोन पायांत, आणि कव्हरचे स्क्रू काढायचा लांब दांड्याचा पाना सदऱ्याच्या खिशातून डोकावत होता. मला बघून त्यांनी तो हाताने आत ढकलला. मी म्हटलं, "कव्हर उघडलं होतं का?" ते म्हणाले, "भुसा झटकला." नव्या प्लगनेही अठरा मिनिटं. तोपर्यंत काकाच्या टोकाची दहा झाडं कालव्याबाहेर होती, आमची तीन.

दुपारी मालक आले. पांढरे बूट वाचवत, भुशातून उड्या मारत.

"काय झालं? तुझा भाऊ बघ कुठे पोचला."

बाबांनी टोपी काढली. डोकं खाजवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"पोरीची चूक झाली, मालक. तेल कमी घातलं तिनं. उद्यापासून येणार नाही ती."

"कॅन पोरीच्या हातात देतोस? उद्या तिच्याच हातात मशीन पण दे म्हणजे झालं!"

बायका हसल्या. दांडगी मावशी हसली नाही, तेवढंच. माझे कान इतके तापले की त्यांच्यावर चहा उकळला असता. मला वाटलं होतं की बाबा निदान 'बहुतेक' म्हणतील. 'असेल' म्हणतील. त्यांनी 'झाली' म्हटलं.

रात्री मी मापाचा पेला तीनदा धुतला आणि शंभरची रेघ बोटाने चाचपून बघितली. सांगायलाच लाज वाटते, पण मलाच माझा संशय यायला लागला होता. खरंच वरून बघितलं असेल का मी? गडबडीत?

तिसऱ्या दिवशी बाबा कुऱ्हाड आणि हातकरवत घेऊन गेले. मशीन पडवीत गोणपाटाखाली ठेवून गेले, मेलेल्या जनावरासारखं. मी शाळेची विज्ञानाची वही उघडली, एका पानावर 'काय काय बघितलं' असं लिहिलं आणि खाली यादी केली. झाकण, फिल्टर, प्लग, पेट्रोल, ठिणगी. मग प्रत्येकापुढे 'कधी' असं लिहायला लागले, आणि ठिणगीपाशी पेन अडकलं.

ठिणगी कधी बघितली? चहानंतर. चाळीस मिनिटांनी. मशीन गार झाल्यावर!

मशीन बंद पडतं गरम असताना, आणि आम्ही ठिणगी बघतो गार झाल्यावर. म्हणजे चोर निघून गेल्यावर झडती.

"आई!" मी ओरडले. "इकडे ये, मशीनवर पाय ठेवायला!"

"मला चूल आहे."

"पाचच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं मी ओळखून आहे." पण आली. पदर खोचून, हात पुसत. मी चेन आधीच काढून बाजूला ठेवली होती, आईला तिची दहाही बोटं लागतात. टाकीत माझंच मिश्रण ओतलं, कॅनच्या तळाशी उरलेलं. आईने दांड्यात पाय रोवला, मी दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला चालू. कोंबड्या अंगणाबाहेर.

"आता?" आई ओरडली.

"आता अठरा मिनिटं उभी राहा!"

"अठरा? मेले, माझी भाजी!"

पण उभी राहिली. चेन नव्हती, भार नव्हता, म्हणून जास्त वेळ लागला. चोविसाव्या मिनिटाला ते खोकलं आणि मेलं. आई म्हणाली, "गेलं." मी एकही क्षण घालवला नाही. फडक्याने धरून प्लग काढला, तरी अंगठा भाजला, टोपीत बसवला, लोखंडाला टेकवला, सावली पडावी म्हणून आईच्या पदराखाली डोकं घातलं. "आई, ओढ दोरी."

आईने ओढली. काही नाही.

"पुन्हा."

काही नाही. निळं नाही, पिवळं नाही, अंधार.

मी आईला मिठीच मारली, काळ्या हातांनी. पेट्रोल नाही! तेल नाही! गरम झालं की ठिणगी मरते. ठिणगी कॉइल देते. कॉइल म्हणजे चक्राशेजारी बसवलेला काळा ठोकळा. ती जुनी झाली की तापल्यावर दगा देते. पण आमची जुनी नव्हती! मागच्याच वर्षी बाबांनी नवी आणली होती, आणि आणल्या-आणल्या कानशीने तिच्या कडेला तीन रेघा मारल्या होत्या. आमच्या घरात प्रत्येक वस्तूवर तीन रेघा असतात. कुऱ्हाडीवर, पक्कडीवर, आईच्या पोळपाटावरसुद्धा, कारण एकदा कानस हातात होती आणि बाबांचा मूड चांगला होता.

मी कव्हर उघडलं. कॉइल होती. रेघा नव्हत्या.

मी ती उलटीसुलटी बघितली, कडेची घाण नखाने खरवडली. गुळगुळीत.

मग मला माझा तळहात आठवला. मालकांनी काठी रोवली त्याच रविवारी संध्याकाळी याच पडवीत काका म्हणाला होता, "दादा, तू चेनला धार लाव, तोवर दोन्ही मशीनं मी साफ करतो." कव्हरचे चारही स्क्रू त्याने माझ्या तळहातावर ठेवले होते, एक एक मोजून. "हलू नकोस हं, इंजिनियर." मी श्वाससुद्धा हळू घेत होते. चक्र आणि कॉइल यांच्यामधे अंतर ठेवायला जाड कागद लागतो. त्यासाठी माझं वाचनालयाचं जुनं कार्डसुद्धा मीच धावत जाऊन आणून दिलं, ट्रंकेच्या तळातून शोधून. नुसत्या सफाईला ते कार्ड कशाला लागतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला इंजिनियर म्हटलं होतं ना त्याने.

आई माझ्याकडे बघत होती. "काय झालं गं?"

"आई, ही काकाच्या मशीनची कॉइल आहे."

ती पदरावरचा काळा डाग बघत राहिली. मग म्हणाली, "भाजी करपली," आणि आत गेली.

मी कॉइल फडक्यात गुंडाळली आणि बागेपर्यंत धावत गेले. सगळा रस्ता मी मनात ऐकत होते, बाबा आधी कसे दचकतील, मग सगळ्यांना कसे हाक मारतील, मालकांना, मावशीला. मग काय म्हणतील तेही मी ठरवून टाकलं होतं.

बाबा आमच्या टोकाला एकटेच होते. सदरा काढलेला, पाठीला नीलगिरीच्या सालीचे तुकडे चिकटलेले. उजव्या तळव्याला फडकं बांधलेलं, त्यातून ओल आलेली. मी फडकं उघडून कॉइल त्यांच्यापुढे धरली आणि एका दमात सगळं सांगितलं. गरम, गार, चहा, रेघा, कार्ड.

त्यांनी कुऱ्हाड खोडात रुतवून ठेवली. कॉइल हातात घेतलीच नाही.

"झाकून ठेव," ते म्हणाले.

"बाबा, ही आपली नाही!"

"हळू बोल."

"पण—"

"मला माहीत आहे, पोरी."

 लांबून काकाच्या मशीनचा आवाज येत होता, भरदार, न थांबता. आमच्या कॉइलचा.

"कधीपासून?"

"तू प्लग आणायला गेलीस तेव्हा उघडून बघितलं."

"मग मालकांना..." माझा आवाज चिरकला. "त्याच्या नंतर मालक आले होते, बाबा! त्याच्या नंतर तुम्ही माझं नाव घेतलंत!"

ते खोडावर बसले. तळव्याचं फडकं सोडून पुन्हा बांधायला लागले. दातांनी गाठ ओढली. "त्याला हे काम मिळायला हवं. तीन बोटांच्या माणसाला दुसरं कोण ठेवतं? सरळ मागितलं असतं तर मी दिलं असतं. त्याला मागता आलं नाही."

"आणि मी?"

"तुझं काय? तू लहान आहेस. चार दिवसांत विसरशील."

काकावर मी चिडले होते, अगदी दातओठ खाऊन. पण हे वाक्य ऐकलं आणि चिडायचंसुद्धा राहून गेलं. मी कॉइल पुन्हा गुंडाळली. घरी येऊन ती जागेवर बसवली, कार्ड मधे घालून अंतर ठेवलं, चारही स्क्रू आवळले. नीट आवळले. काम ते काम.

दोन दिवस मी बाबांशी बोलले नाही. त्यांनी पाणी मागितलं तर मी तांब्या ठेवून जायचे. ते एकदा म्हणाले, "यंदा विज्ञानात किती मिळाले?" मी म्हटलं, "विसरले."

सहाव्या दिवशी मी न विचारता बागेत गेले. सोबत माझा कॅन, ताजं मिश्रण भरलेला, आणि खिशात लांब दांड्याचा पाना. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. फक्त घरी बसवत नव्हतं.

काका काठी ओलांडून आमच्या बाजूला आला होता. छाटणी त्याची ठरली होती. आता शेवटचं खोड राहिलं होतं, सगळ्यात जाड, कालव्याच्या बरोबर मधे. वरच्या अंगाला फाटक उघडल्याची शिट्टी झाली होती. मालक काठावर उभे होते, बायका उभ्या होत्या, बाबा कुऱ्हाड टेकून उभे होते. काका गुडघाभर गाळात, खोड अर्धं कापलेलं, आणि त्याचं मशीन धापा टाकून थांबलं.

"पेट्रोल संपलं," तो ओरडला. "कॅन आणा!"

मावशीने त्याचा कॅन उचलून उलटा केला. थेंब नाही. मग तिला माझ्या हातातला दिसला. तिने तो घेतला आणि खाली दिला. काकाने घाईघाईने टाकीचं झाकण उघडलं, कॅन तिरका केला.

"काका," मी म्हटलं. "ते माझ्या हातचं आहे."

त्याचा हात तिथेच थांबला. तो वर बघायला लागला, आधी माझ्याकडे, मग बाबांकडे. मालक म्हणाले, "अरे नको नको, पोरीचं मिश्रण ते! हे पण मशीन घालवशील!"

कालव्याच्या तळाशी चपटं, तपकिरी पाणी सरकत येताना दिसायला लागलं. पुढे पानं आणि फेस.

काकाने ओतलं. सांडेपर्यंत भरलं. झाकण लावलं आणि दोरी ओढली. एका ओढीत चालू.

मी घड्याळ वर केलं. पाच मिनिटं. दहा. पाणी काकाच्या घोट्यांना लागलं, मग पोटऱ्यांना. मालक एकदा मशीनकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. पंधरा. सतरा. अठरा.

एकोणीस.

"चाललंय की गं!" दांडगी मावशी म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कोणी हसलं नाही.

सव्विसाव्या मिनिटाला खोड दुभंगलं, पाण्याने दोन्ही तुकडे ढकलले, बायकांनी दोर ओढले. काकाने मशीन बंद केलं. अचानक इतकं शांत झालं की पाण्याचा आवाज मोठा वाटला.

"मग यात दोष नव्हता तर," मालक म्हणाले, "तुझ्या मशीनला झालं होतं तरी काय रे, थोरल्या?"

सगळे बाबांकडे बघायला लागले. मीही. म्हटलं, आता तरी. बाबांनी ओठ ओले केले.

"मशीन जुनं झालंय, मालक."

काका चिखलातून वर चढला. मशीन काठावर ठेवलं. हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "काय भिंगरी, शिकलीस की मिश्रण!"

मी खिशातून पाना काढला. तळहात सपाट केला, त्या रविवारी स्क्रूंसाठी केला होता तसा, आणि पाना त्यावर ठेवून त्याच्यासमोर धरला.

"काका, तुमच्या मशीनचं कव्हर उघडून दाखवा ना जरा."

आजवर मी त्याला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

त्याचं हसू तोंडावरच राहिलं, काढायला विसरल्यासारखं. तीन बोटांचा हात सदऱ्याला पुसला, पुन्हा पुसला. पान्याकडे आला नाही.

"कशाला उघडायचंय?" मालक म्हणाले. "काय आहे आत?"

"पोरी, चल घरी," बाबा म्हणाले. मग हळू, "चल ना."

पाणी काठाला लागलं होतं. बायका निघायच्या थांबल्या होत्या. पाना तसा जड नसतो, पण हात लांब धरून ठेवला की खांद्यापासून दुखायला लागतो. मी मनात मोजत होते, घड्याळाकडे न बघता. हात मी खाली घेतला नाही.